चाळीस जनावरांचा कोट

प्रिय ईरा आणि चिन्मय,

गेल्या आठवड्यात फॅमिली ग्रुपवर तुम्हा दोघांचं जे भांडण झालं ते मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. ईराने डिसेंबरात नागपूरच्या लग्नात घालायला घेतलेल्या फरच्या जॅकेटचा फोटो टाकला आणि ‘आजी, हे टेस्टफुल आहे ना?’ असं विचारलं. चिन्मयने खाली लिहिलं की फर घालणं क्रूरपणाचं आहे, खोटी फर घालणं म्हणजे खऱ्या फरची फुकट जाहिरात आहे, आणि ईरा त्यात पायपुसण्यासारखी दिसते. पुढचं मी इथे उतरवत नाही. तुमच्या आईने मला फोन करून सांगितलं, ‘आई, आता तुम्हीच काय ते एकदा सांगून टाका.’

मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं. प्रश्न आला की उत्तर लेखी आणि पूर्ण वाक्यांत द्यायची सवय अजून सुटलेली नाही. पण या विषयावर मला स्वतःचं मत नाही. मत असलेली एकच व्यक्ती मला भेटली, ती म्हणजे आमची धरमपेठेतली घरमालकीण. नागपुरात, जिथे मे महिन्यात कावळेसुद्धा चोच उघडी टाकून बसतात, तिथे या बाई फरचा कोट बाळगून होत्या. त्या आता नाहीत. खरं लिहिलं तर चिडणारं माणूस उरलेलं नाही, म्हणून हे आत्ता लिहिते. नाव लिहीत नाही. लिहिलं असतं तर अक्षर नीट काढलं नाही म्हणून त्यांनी कागद परत केला असता.

आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर पंधराएक वर्षं राहिलो. बाई उंचीला जेमतेम पाच फूट, बारीक, आणि पट्टी गिळल्यासारख्या ताठ. कोट गुडघ्यापर्यंत, गडद तपकिरी, आणि कॉलर इतकी रुंद की त्यात त्यांचा चेहरा बशीत ठेवलेल्या लिंबासारखा दिसे. नागपूरची थंडी म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंतचे काही आठवडे. बाईंच्या मते ती दिवाळीला सुरू होऊन होळीपर्यंत चालायची. हवामान खात्याचं म्हणणं वेगळं असेल तर तो त्या खात्याचा प्रश्न होता.

कोट सेबलचा आहे असं त्या सांगत. सेबल म्हणजे सायबेरियातलं मुंगसासारखं एक जनावर. कोटासाठी किती जनावरं लागली हेही सांगत. आम्ही राहायला आलो तेव्हा वीस होती. दुसऱ्या वर्षी अठ्ठावीस झाली. सायबेरियात एवढी वाढ झाली नसेल, पण धरमपेठेत झाली. तिसऱ्या वर्षी आकडा पस्तीसवर गेला तेव्हा मी म्हटलं, “गेल्या वर्षी अठ्ठावीस म्हणाला होतात.” त्या म्हणाल्या, “टीचर, ती फक्त पाठ होती. बाह्या धरल्या नव्हत्या.”

त्या मला टीचरच म्हणायच्या. बाई स्वतः दार्जिलिंगच्या शाळेत शिकल्या होत्या, वडील ‘टेक्स्टाइल’मध्ये होते, आणि दर रविवारी त्यांच्या बंद स्वयंपाकघरातून सावजी रश्शाचा वास जिन्यावरून आमच्या घरात यायचा. तुम्ही सावजी खाल्लेलं नाही. विणकरांच्या घरांतून नागपूरभर पसरलेला तो रस्सा आहे, एक घास घेतला की कानातून वाफ निघते. मी एकदा विचारलं, आज काय केलंय? बाईंनी नाक पुसत सांगितलं, “कॉन्टिनेंटल.”

आता ईरासाठी त्यांचे नियम. लेडीज क्लबमध्ये बाई हे नियम न विचारता सांगत, त्यामुळे ते सगळ्यांना पाठ होते. फर घातली की दागिना एकच, तोही कानात. साडीची जर आणि फर एकत्र आणायच्या नाहीत, कारण जर फरच्या केसांत अडकते आणि दोन्हींचा सत्यानाश होतो. फर वरून खालीच कुरवाळायची. उलटा हात फिरवणाऱ्याला दुसऱ्यांदा चहाला बोलवायचं नाही. जेवताना उतरवून ठेवायची, पण खुर्चीच्या पाठीवर नाही, खुंटीवर तर मुळीच नाही. अत्तर शिंपडायचं नाही. आत साधी, एकरंगी, सुती साडी. त्या स्वतः तशीच नेसत, आणि मला हे लिहिताना बरं वाटत नाही, पण नऊ अंश सेल्सियसला, पांढऱ्या साडीवर, फाटकातून बाहेर पडताना त्या फार सुंदर दिसत.

एकदा क्लबात एक बाई कांजीवरमवर फरची शाल घेऊन आल्या. गळ्यात राणीहार, दंडात वाकी, केसांत अख्खा गजरा. बाईंनी त्यांना दोन मिनिटं निरखलं. मग म्हणाल्या, “अंगावर एका वेळी एकाच वस्तूने बोलावं. तुमच्या अंगावर सगळ्याच ओरडून राहिल्या.” रागात आल्या की दार्जिलिंगच्या शाळेतलं मराठी असं थेट नागपूरच्या रस्त्यावर येई.

“खोटी आहे हो शाल,” ती बिचारी म्हणाली. जणू त्याने शिक्षा कमी होणार होती.

“खोटी असण्याला माझी हरकत नाही. खऱ्याचं सोंग घेण्याला आहे. गुलाबी घ्या, निळी घ्या. निळं जनावर नसतं हे सगळ्यांना माहीत आहे. ती निदान कबूल तरी करते.”

चिन्मय, तुझा मुद्दा त्यांना फार आधी सुचला होता. मात्र हे सांगताना त्यांच्या अंगावर काय होतं ते पुढे वाच.

थंडी पडली की रस्त्याच्या कडेला ब्लँकेटवाले बसतात. त्यांच्याकडच्या जाड, गुबगुबीत ब्लँकेटला अख्खं नागपूर ‘मिंक’ म्हणतं. बाईंनी एकदा ऑटो थांबवून त्यातल्या एकाला गाठलं. मी सोबत होते, दुर्दैवाने.

“हे मिंक आहे?”

“असली मिंक आहे मॅडम. डबल बेडचं. पानिपतहून येते.”

“मिंक हा प्राणी असतो!”

त्याने ब्लँकेट उलगडून त्यात प्राणी कुठे आहे ते पाहिलं. मग शांतपणे म्हणाला, “असन मॅडम. पर हे धुता येते.”

 बाईंनी ब्लँकेटचं टोक उचललं, उलटं केलं, मागून बोट फिरवलं आणि खाली ठेवलं. ही त्यांची खोड होती. कोणतंही कापड हातात आलं की आधी उलट्या बाजूने पाहायचं. माझ्या रिटायरमेंटला शाळेने दिलेली सिल्कची साडी मी मोठ्या हौसेने दाखवायला नेली. त्यांनी पदर उलटा केला, टोकाचा एक धागा ओढला आणि काडी पेटवली. धागा वितळून टोकाला काळा मणी झाला. “सिल्क जळलं तर केसाचा वास येतो आणि राख चुरगळते,” त्या म्हणाल्या. “हे प्लास्टिक आहे. शाळेला तुमची किंमत कळली नाही, टीचर.” सांत्वन करायची त्यांची ही पद्धत.

उन्हाळ्यात कोट दिवाणखान्यातल्या लोखंडी कपाटात असे. कूलरची दमट हवा फरला सोसत नाही, म्हणून त्या खोलीत कूलर लावायचा नाही असा नियम होता. म्हणून शेहेचाळीस अंशाला आम्ही तिथे बसून चहा घ्यायचो. घामाने सोफ्याला चिकटायचो, सुटताना आवाज यायचा. तुमच्या आजोबांनी एकदा म्हटलं, “अहो, लावा कूलर. नाहीतर आम्ही गेल्यावर आमच्या कातड्याचा एक कोट करा.” बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, “तुमचा दर्जा नाही तेवढा, सर.”

आता रेणूबद्दल सांगते. रेणू ही बाईंच्या धाकट्या बहिणीची मुलगी. दहा वर्षांची असताना आईवडील गेले, तेव्हापासून बाईंनीच वाढवली. बाईंचे यजमान आम्ही यायच्या आधीच वारले होते, त्यामुळे घरात या दोघीच. रेणू शांत, हुशार, मौद्याच्या वीज केंद्रात केमिस्ट. तिची दोन स्थळं मोडली, आणि दोन्ही मावशीच्या कर्तृत्वाने. पहिल्या वेळी बाईंनी मुलाच्या आईच्या पदराचा धागा ओढून काडी पेटवली. पाहुण्यांचे पोहे बशीतच राहिले. दुसऱ्या वेळी मुलाचे काका चुकून कोटावर बसले. बाईंनी त्यांना उठा म्हटलं. ते उठले ते थेट आपल्या घरी गेले.

तिसऱ्या वेळी रेणूने स्वतःच ठरवलं. मुलगा तिच्याच ठिकाणी इंजिनिअर होता. घर कुहीजवळच्या गावात, धानाची शेती. घराणं महानुभाव पंथाचं. मांसमच्छी तर सोडाच, वाटेत मुंगी दिसली तरी पाय वळवणारी माणसं. घरात शब्द चालायचा तो मुलाच्या आजीचा. मुलाने रेणूला स्पष्ट सांगितलं होतं, “आजी रागावली तर मी समजूत घालेन. पण ती उठून गेली तर मी तिच्यामागे जाईन.”

साक्षगंधाच्या आदल्या दिवशी रेणू वर माझ्याकडे आली. तुम्ही ज्याला एंगेजमेंट म्हणता त्याला आमच्याकडे साक्षगंध म्हणतात. ती दारातच उभी राहिली.

“काकू, मावशीला सांगा ना. उद्या कोट नको. जनावर या शब्दाचा उच्चारही नको. हे मोडलं तर मी पुन्हा कोणाला घरी आणणार नाही.”

मी खाली जाऊन सांगितलं. बाई चांदीची वाटी पुसत होत्या. “टीचर, मला एवढी अक्कल नाही का?” त्या म्हणाल्या. प्रश्न व्याकरणाचा असता तर मी लगेच उत्तर दिलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडाक्याची थंडी होती. कुहीहून पंधराएक माणसं आली. ‘दंडवत प्रणाम’ झाले. आजींना मधल्या सोफ्यावर बसवलं. ऐंशीच्या घरातल्या, पाठीत वाकलेल्या, अंगावर काठाचं जुनं लुगडं, पायांत मोजे. बाई पांढऱ्या सुती साडीत, शाल पांघरून, दोन्ही हात जोडून. अर्धा तास सगळं इतकं छान चाललं होतं की तुमच्या आजोबांनी मला खुणेने विचारलं, या बाई आपल्याच ना?

मग लेडीज क्लबातल्या सात जणी आल्या. बाईंनीच बोलावल्या होत्या. त्यातली एक, जिला कांजीवरमवरून ऐकून घ्यावं लागलं होतं, ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “अय्या, आज कोट नाही? देऊन टाकलात की काय कोणाला?”

बाई उठून आत गेल्या. आतल्या खोलीतलं कपाट उघडल्याचा आवाज मी ऐकला. रेणूनेही ऐकला. दोन मिनिटांनी बाई आल्या, आणि कोटही आला.

आजींनी बाईंना जवळ बोलावलं. बाहीवर हात फिरवला, तोही वरून खाली. “भल्लं मऊ आहे वं बाई. कायचं आहे?”

इथे फक्त ‘कापडाचं’ एवढं म्हणायचं होतं. एक शब्द. पण मागे सात जणी कान देऊन बसल्या होत्या.

“सेबल,” बाई म्हणाल्या. “सायबेरियाचं.”

“ते काय असते?”

“जनावर असतं. मुंगसाएवढं.”

“मंग एका जनावरात एवढं होते?”

“एका?” बाई हसल्या. तोंडातून निघालेला आकडा त्यांचा त्यांनाच ऐकू आला नसावा. “चाळीस लागली.”

आजींनी हात मागे घेतला. लुगड्याच्या पदराला पुसला. 

“चाळीस जीव,” आजी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त वाईट वाटलं. “एका अंगासाठी चाळीस जीव. पोरगी चांगली आहे. पर ह्या घरचं पानी मले पेववत नाई. उठ गा.”

मुलगा उठला नाही. पण बसल्या जागी त्याची मान खाली गेली, आणि रेणूने ती पाहिली. तिच्या हातात सासरहून आलेली साडी होती, आत जाऊन नेसून यायची. ती तशीच उभी राहिली. रडली नाही. मावशीकडे पाहिलंही नाही. ती साडी परत घडीवर घडी घालत होती, अगदी व्यवस्थित, कडा जुळवून.

आजी काठी टेकून उठायला लागल्या.

“थांबा,” बाई म्हणाल्या. “टीचर, कात्री आणा.”

मी आणली. बाईंनी कोट उतरवला, मांडीवर घेतला, उजव्या बाहीचं अस्तर मनगटापासून कोपरापर्यंत उसवलं आणि बाही उलटी केली. मग आजींच्या पायाशी जमिनीवर बसल्या. त्या जमिनीवर बसू शकतात हे मला तोवरच्या नऊ वर्षांत माहीत नव्हतं.

“हे पाहा आजी. कातडं असतं तर आत असं दिसलं असतं का? हा उभा धागा, ताणा. हा आडवा चालला तो बाणा. मखमलीसारखं विणलेलं आहे. कापड आहे हे.”

आजींनी डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. “कापड तं दिसते. पर केस? केस तं जनावराचेच असन.”

बाईंनी बाहीवरचा झुबका उपटला. औक्षणाच्या ताटात निरांजन तेवत होतं. झुबका ज्योतीवर धरला. काळा धूर निघाला, केस आकसले, वितळले, आणि बादली जळल्यासारखा वास खोलीभर पसरला. तो सात जणींपर्यंत पोचला तेव्हा त्यांचे चेहरे मी पाहिले नाहीत असं मी म्हणणार नाही. बाईंनी थंड झालेला काळा मणी आजींच्या तळहातावर ठेवला.

“केस असता तर राख झाली असती. हे प्लास्टिक आहे. याच्यासाठी एक मुंगीसुद्धा मेली नाही.”

आजींनी मणी दोन बोटांत दाबून पाहिला. फुटला नाही.

“तुले कसं समजते वं हे सारं?”

बाईंनी आधी मांडीवरची बाही सारखी केली. मला वाटतं, कोटापेक्षा हे उत्तर त्यांना जड गेलं. मग त्या बोलल्या, आणि दार्जिलिंग त्या खोलीतून कायमचं निघून गेलं.

“मी उमरेडची आहो आजी. बाप मागावर बसे. मी आठ वर्षांची होती तेव्हापासून धाग्याच्या कांड्या भरत होती. तुमच्या अंगावरचं लुगडं आमच्याच गावचं आहे. मघापासून काठ पाहून राहिली मी. आता असा काठ कोणी काढत नाही.”

आजींनी स्वतःचा काठ पाहिला. मग बाईंना. “मंग हे कुठून आलं?”

“आमचे हे बुटीबोरीच्या एका कारखान्यात होते. तिथं परदेशी खेळण्यांसाठी असं कापड निघे. रंग चुकला म्हणून एक थान परत आलं. त्याचा कोट केला.”

“कायची खेळणी?”

“टेडी बेअर.”

आजींनी नातवाकडे पाहिलं. तो म्हणाला, “अस्वल असते आजी. पोरांच्या खेळण्यातलं.”

“म्हंजे हे अस्वल आहे?”

“व्हायचं होतं,” बाई म्हणाल्या.

“मंग चाळीस जनावरं काहून सांगतले वं, बाई?”

“मोठेपणा, आजी. दुसरं काय.”

आजींच्या तोंडात चार दात असतील. ते सगळे दिसले. हसता हसता त्यांना खोकला आला, नातवाने पाणी पुढे केलं आणि त्या ते प्यायल्या. त्याच घरचं पाणी, हे खोलीतल्या प्रत्येकाने पाहिलं. मग त्या परत सोफ्यावर टेकल्या. “बस गा. कोनी उठू नोका. पोरी, तू काहून उभी आहेस? जा, साडी नेसून ये.”

रेणू आत गेली. जाताना तिने मावशीच्या खांद्यावर हात ठेवला. बाई उसवलेली बाही मांडीवर घेऊन तशाच बसून होत्या.

सात जणी जेवून गेल्या. गोड दोनदा घेतलं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या धरमपेठेला कळलं होतं, आणि ज्यांनी वर्षानुवर्षं त्या कोटाकडे पाहून उसासे टाकले त्या प्रत्येकीला आता आठवत होतं की आपल्याला पहिल्यापासूनच संशय होता. एकीने तर मला सांगितलं, सेबलचा रंग इतका तपकिरी नसतोच. तिने सेबल कुठे पाहिलं हे मी विचारलं नाही. माझ्यावर संस्कार आहेत.

आमच्या दोन्ही घरी काम करणारी कांता तेवढी शांत होती.

“मले माहीत होतं काकू,” भांडी घासत ती म्हणाली. “दरसाली होळी झाली का ते अस्वल मीच तं धुवून राहिली होती. बादलीत, साबनाच्या पावडरीत. मस्त वाळते.”

“आणि तू इतकी वर्षं बोलली नाहीस?”

“तुमी विचारलं काय?”

तुमचे आजोबा हे ऐकून खुर्चीत बसून राहिले. ते नऊ उन्हाळे मोजत असावेत. त्या मे महिन्यात त्यांनी न विचारता बाईंच्या दिवाणखान्यात कूलर नेऊन लावला. बाईंनी फक्त पाण्याची पातळी तपासली.

त्याच महिन्यात रेणूचं लग्न झालं. बाई त्यानंतर फारशा बाहेर पडल्या नाहीत. क्लबात नाही, देवळात नाही. रविवारचा वास मात्र आता उघड्या खिडकीतून यायचा, आणि कांताच्या हातून माझ्याकडे एक वाटी यायची. वाटीवर झाकण असायचं, नाव काही नसायचं. आजोबा त्याला कॉन्टिनेंटल म्हणायचे.

एका दुपारी त्यांनी मला विचारलं, “टीचर, कोट खोटा आहे हे तुम्हाला ठाऊक होतं?”

“नाही.”

“आणि उमरेड?”

“तेही नाही.” हे पूर्ण खरं नव्हतं. इतक्या वर्षांचा रस्सा जिन्यावरून आला होता.

“मग मी आता तुम्हाला कशी वाटते?”

“पूर्वीइतकीच तापट,” मी म्हटलं.

त्या हसल्या. मग त्यांनी ते सांगितलं जे साक्षगंधाच्या दिवशी सांगितलं नव्हतं. कोट त्यांच्या यजमानांनी लग्नाच्या वाढदिवसाला आणला होता. कारखान्यातलं थान, इतवारीतला शिंपी. कागदात गुंडाळून आणला आणि म्हणाले, सेबल आहे, सायबेरियाचं, साहेबाकडून मिळालं. “मी त्यांच्यासमोरच बाही उलटी करून पाहिली,” बाई म्हणाल्या. “माझी सवयच ती. त्यांचा चेहरा असा झाला, टीचर. विणकराच्या पोरीला फसवायला निघाले होते. मी बाही सरळ केली आणि म्हटलं, किती जनावरं लागली हो? ते म्हणाले, वीस.”

एवढं सांगून त्यांनी विषय बदलला आणि माझ्या ब्लाउजच्या शिवणीला नावं ठेवली.

डिसेंबर आला तशा त्या पुन्हा बाहेर पडल्या. पांढरी साडी, कानात मोती, अंगावर कोट. मी सोबत गेले, कारण एकटीने जाऊ नये असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर मला पाहायचंही होतं. क्लबाच्या दारातच ती कांजीवरमवाली भेटली. खरी पश्मिना पांघरलेली, खाली फुलाफुलांचा ड्रेस, त्यावर सोन्याचे तीन पदर.

“अजून घालता हा?” तिने गोड विचारलं.

“घालते,” बाई म्हणाल्या. “खोटाच आहे. पण नीट घातलाय.”

आणि आत जाऊन आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसल्या. त्या दिवशी कोणालाही त्यांनी न विचारता सल्ला दिला नाही. तीन जणींनी जवळ येऊन स्वतःहून विचारलं.

ईरा, चिन्मय, यातून मी तुमच्यासाठी काही तात्पर्य काढत नाही. मला तात्पर्य लिहायला लावणाऱ्या परीक्षकांचा तिटकारा होता.

बाई दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात गेल्या. थंडी सुरू व्हायच्या आत जाणं त्यांना अजिबात पटलं नसतं. सामान आवरायला रेणू आणि तिचा नवरा आले, सोबत आजीही आल्या, आता नव्वदीला टेकलेल्या. कपाट उघडल्यावर रेणू कोट हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली. मी म्हटलं, शिवून घे आता ती बाही. ती म्हणाली, “नको काकू, राहू दे.” सोफ्यावरून आजींनी विचारलं, “ते अस्वल कोनी नेत नसन तं मले द्या. सकाळी खळ्यावर भल्ली थंडी वाजते.”

कोट कुहीला आहे. धान मळायच्या दिवसांत आजी तो लुगड्यावर घालून खळ्यावर बसतात. उजव्या बाहीचं अस्तर मनगटापासून कोपरापर्यंत उसवलेलं आहे. बाकी कोट धड आहे.